वाटी वाचते, सांधा नाही: गुहेसाठीच्या निओप्रीन नी-पॅडबद्दल

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. पायातून ओढून चढवायचे, पुढे जाड फोम असलेले निओप्रीनचे नी-पॅड गुहेसाठी घ्यावेत का? घ्यावेत. पाचपैकी चार तारे. एक तारा खालच्या पट्ट्यापायी कापलाय, त्याची हकीकत पुढे येते. पण 'हे घातले की माझी गुडघेदुखी जाईल का?' असं विचारत असाल, तर आधी तुमची दुखी नेमकी कुठली ते ठरवा. गुडघ्याच्या वाटीवरची, म्हणजे बाहेरची असेल तर जाईल. आतली असेल तर पॅडला तिचा पत्ताही लागणार नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच रचनेचे पॅड बरेच जण शिवतात. फरक असतो तो फोममध्ये, शिवणीत आणि पट्ट्यांत. तेव्हा नावापेक्षा हातात घेऊन, उलटून, दाबून बघा.

माझ्याबद्दल थोडं, कारण त्यावर या मताचं वजन ठरेल. मी गुहेत नकाशे काढते. बाकीचे लेझरने अंतर आणि कोन मोजून पुढच्या ठाण्याकडे सरकतात. मी मागे एक गुडघा टेकवून, दुसऱ्या मांडीवर वही ठेवून भिंतीच्या रेषा, दगडांचे ढीग, छताची उंची काढत बसते. त्यामुळे रांगणं सगळ्यांच्या वाट्याला येतं तितकंच माझ्याही येतं, पण गुडघ्यावर नुसतं थांबणं माझ्या वाट्याला जास्त. पन्नाशी उलटली आहे. डाव्या वाटीवर एकदा बर्सायटिस (कातडीखालच्या पिशवीची सूज) होऊन गेलाय आणि उजव्या वाटीच्या मागचा कूर्चा झिजायला लागलाय. दोन गुडघ्यांना दोन वेगळे आजार. ऐकायला वाईट वाटतं, पण नी-पॅड तपासायला याहून चांगली सोय नाही: डावा गुडघा पॅडबद्दल एक सांगतो, उजवा दुसरंच.

वस्तू कशी आहे ते आधी. मोज्यासारखी नळी, पातळ निओप्रीनची, मांडीच्या खालच्या भागापासून पोटरीच्या वरच्या भागापर्यंत येणारी. पुढे वाटीवर आणि वाटीखाली नडगीच्या सुरुवातीपर्यंत फोमचा जाड थर, त्याच्यावर घासाला टिकेल असं खरखरीत जाड कापड. मागे, गुडघा जिथे दुमडतो तिथे, कापड कमी ठेवलंय म्हणजे चुण्या पडत नाहीत. वर एक पट्टा, खाली एक पट्टा, दोन्हींना वेल्क्रो.

फोमचा प्रकार हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि जाहिरातीत तोच नेमका सापडत नाही. फोम दोन जातींचे. एकात बुडबुडे एकमेकांना जोडलेले असतात, तो स्पंज. दुसऱ्यात प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र, बंद. त्यात पाणी शिरत नाही. निओप्रीन हे 1930 साली ड्युपाँमध्ये तयार झालेलं कृत्रिम रबर, आणि त्याचा फोम या दुसऱ्या जातीचा, म्हणून तर पाणबुडे त्याचे सूट घालतात. पण बाहेरची नळी निओप्रीनची आणि आतला थर स्पंजचा, असेही पॅड मिळतात. असा पॅड पहिल्याच डबक्यात पाणी पितो, जड होतो, आणि ओल्या स्पंजवर गुडघा टेकला की तो पार चपटा होऊन खालचा दगड जसाच्या तसा लागतो. घेण्याआधी अंगठ्याने जोरात दाबा. अंगठा थेट तळाला पोहोचला तर ठेवून द्या. माझ्या पॅडचा फोम दाबल्यावर अर्ध्यावर अडतो, आणि तसाच हवा.

आता डावा गुडघा. वाटीच्या आणि कातडीच्या मध्ये एक चपटी पिशवी असते, बर्सा. कातडी वाटीवरून सहज सरकावी म्हणून तिची योजना. गुडघ्यावर तासन्‌तास काम करणाऱ्या कुणालाही, फरशी बसवणाऱ्याला, गालिचे अंथरणाऱ्याला, गुहेत रांगणाऱ्याला, तिचा त्रास होऊ शकतो. सारखा दाब आणि घासणं यांनी ती चिडते, पाण्याने भरते आणि वाटीवर लिंबाएवढी मऊ गाठ उभी राहते. गंमत अशी की तेव्हाही चालताना फारसं दुखत नाही, कारण सांधा ठीक असतो. टेकवला की मात्र जीव जातो. माझ्या डाव्या गुडघ्याचं अगदी हेच झालं होतं. हे पॅड घालायला लागल्यापासून ती गाठ परत आलेली नाही. खरखरीत चुनखडीवर, गोट्यांच्या ओढ्यात, वही काढून निवांत टेकून बसले तरी नाही. चारपैकी तीन तारे या एका गोष्टीचे.

बर्सायटिसबद्दल एक सूचना, कारण गुहेत ती गंभीर होऊ शकते. कातडीला खरचटून जंतू आत गेले, बहुतेक वेळा ते स्टॅफिलोकॉकस ऑरिअस असतात, तर पिशवीत पू होतो. गाठ लाल झाली, हाताला गरम लागली, ताप आला, तर बर्फ लावून वाट बघायची नाही, डॉक्टरकडे जायचं. म्हणूनच मी बाहेर आल्यावर आधी पॅड काढून गुडघे स्वच्छ पाण्याने धुते, चहाबिहा नंतर. पॅडच्या आत अडकलेली वाळू कातडी सोलते, हाही या नळीवाल्या पॅडचा एक दोष आहे. खालून घट्ट बसलेला असल्यामुळे आत गेलेला खडा बाहेर पडत नाही. थांबून, पट्टा सोडून, बोटाने काढावा लागतो. आळस केला की संध्याकाळी त्या जागी लाल चट्टा.

आता तो कापलेला तारा. खालचा पट्टा.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, वाटीच्या जरा खाली, नडगीशेजारच्या बारीक हाडाचं डोकं हाताला लागतं. त्याच्या लगेच खाली, हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते, कॉमन पेरोनिअल. तिच्यावर मांसाचं आवरण जवळपास नाहीच. कातडी, नस, हाड, झालं. पाऊल वर उचलायचं काम करणारे स्नायू तिच्या ताब्यात. या पॅडचा खालचा पट्टा बरोबर तिथे येतो. कोरड्यात घालून बघताना काहीच कळत नाही. पण पॅड घसरतोय असं वाटून पट्टा आवळला, वर ओव्हरसूट (कपड्यांवर घालायचा जाड सूट), त्यात दोन तास उकिडवं बसणं, की पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात. आवळलेलंच ठेवलं तर बोटं जड होतात, पाऊल दगडाला अडखळायला लागतं. गुहेत अडखळणं म्हणजे काय, ते सांगायला नको. मुंग्या आल्या की पट्टा लगेच सैल करा, आणि सैल करूनही पाऊल उचलताना कमजोरी राहिली तर ती दुखीची गोष्ट नाही, डॉक्टरची आहे.

माझा उपाय सोपा: खालचा पट्टा मी कापूनच टाकला. वरचा, मांडीवरचा, ठेवला. मांडी गुडघ्याकडे निमुळती होत येते, त्यामुळे पॅड खाली सरकायला बघतो; त्याला थोपवायचं ते वरून. खालचा पट्टा खरं तर घसरण थांबवतच नाही, कारण खाली पोटरी फुगत जाते, तिथे पॅड आधीच अडतो. हे बनवणाऱ्यांच्या लक्षात कसं येत नाही कोण जाणे. बहुधा दोन पट्टे असले की वस्तू मजबूत दिसते.

वेल्क्रोबद्दल फार लिहायची गरज नाही. चिखलात वेल्क्रो मरतं. दात घासायच्या जुन्या ब्रशने घासून धुतलं की अर्धं जिवंत होतं.

पॅड ओव्हरसूटच्या वर घालायचे की आत, यावर गुहावाल्यांची तोंडं दोन दिशांना. वर घातले तर सूटचे गुडघे वाचतात, पण चिखलाच्या थरावरून पॅड वाटीच्या एका बाजूला फिरतो आणि बरोबर नको त्या क्षणी वाटी उघडी पडते. आत घातले तर पॅड जागचा हलत नाही, पण सूट दोन हंगामांत गुडघ्यावर फाटतो. मी आडव्या, रांगायच्या गुहेत आतच घालते आणि सूटवर बाहेरून जाड ठिगळ लावते. सूट शिवता येतो. नळीवाल्या पॅडची एक अडचण इथे सांगायलाच हवी: तो बुटावरून चढत नाही. आधी पॅड, मग बूट. मध्येच काढायचा झाला तर चिखलात एका पायावर उभं राहून बूट सोडवत बसा. पुढून गुंडाळून मागे क्लिप लावायचे पॅड यात सरस आहेत, पण त्यांची क्लिप गुडघ्यामागच्या खळगीत येते आणि तिथेच मोठ्या रक्तवाहिन्या असतात, तेव्हा त्यांचा जाच वेगळा.

दुसरे प्रकार मी वापरलेत आणि आमच्या गटातले लोक वापरतात, ते थोडक्यात.

टणक प्लास्टिकची वाटी असलेले पॅड, स्केटिंगवाले किंवा बांधकामवाले. टोकदार दगडांत, कोसळलेल्या खडकांच्या ढिगाऱ्यात यांना तोड नाही. टोक टणक कवचावर थांबतं आणि दाब पसरतो. पण घासून गुळगुळीत झालेल्या खडकावर प्लास्टिक सरकतं. धुराड्यासारख्या उभ्या फटीत आपण गुडघा भिंतीला लावून अंग अडकवतो, तिथे गुडघा सटकणं परवडत नाही. शिवाय कवचाची कड अरुंद फटीत अडकते. आमच्यातला एक उंच गडी यांचाच भक्त आहे, आणि अरुंद जागेत त्याला मागून ढकलावं लागतं, हेही तितकंच खरं.

व्हॉलीबॉलचे पॅड: पडण्यासाठी बनलेले, टेकून बसण्यासाठी नाहीत. पहिल्यांदा गुहेत येणाऱ्याला उसने द्यायला ठीक.

विजारीच्या खिशात सरकवायचे फोमचे तुकडे, कारागीर वापरतात ते. आरामात हे सगळ्यांना हरवतात, कारण पायाला काहीच बांधलेलं नसतं. पण विजार गुडघ्याबरोबर हलत नाही; पाय दुमडला की खिसा वर जातो आणि तुकडा मांडीवर येतो. कामासाठीच्या गुडघा-संरक्षकांना युरोपात ईएन 14404 हे प्रमाण आहे. त्यात बांधायचे पॅड हा पहिला प्रकार आणि खिशातले हा दुसरा. त्यातच टोचण्याला विरोध किती त्याच्या पातळ्या आहेत: पातळी 1 म्हणजे 100 न्यूटन, पातळी 2 म्हणजे 250 न्यूटन. सपाट फरशीसाठी 1 चालते. दगडगोट्यांसाठी 2 शोधा. माझ्या निओप्रीन पॅडवर कसलंच प्रमाणचिन्ह नाही. टोकदार दगडावर सगळं वजन देऊन टेकले की टोक जाणवतं, टोचत नाही. यावरून जो अंदाज बांधायचा तो बांधा.

आता उजवा गुडघा, आणि लेखाचा हा भाग पॅड विकणाऱ्यांना आवडणार नाही.

उजव्या गुडघ्याला या पॅडने काडीचाही फरक पडला नाही. एक ऊब सोडली तर. गुहेतलं तापमान साधारण त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं, वारा आणि ओल असली की सांधे आखडतात, आणि निओप्रीनची ऊब बरी वाटते. पण दुखतं ते रांगताना नाही. दुखतं ते दोरावर चढताना, खोल उकिडवं बसून उठताना, आणि बाहेर पडल्यावर डोंगर उतरताना. कारण सोपं आहे. गुडघा जितका जास्त दुमडून त्यावर वजन टाकाल, तितकी वाटी मांडीच्या हाडावर जोराने दाबली जाते. सपाट चालताना हा दाब शरीराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास, जिना चढताना तिप्पट, आणि खोल उकिडवं बसून उठताना सात-आठपट जातो. पॅड बाहेर असतो. दाब आत असतो. इतकंच.

म्हणून ज्यांचा त्रास माझ्या उजव्या गुडघ्यासारखा आहे त्यांनी पॅडच्या आधी आपली दोरावर चढायची पद्धत तपासावी. आपल्यापैकी बहुतेक जण फ्रॉग पद्धतीने चढतात: छातीवर एक असेंडर (दोरावर फक्त वरच सरकणारी पकड), हातात दुसरा, त्याला फूटलूप (पाय ठेवायचा फास). बसायचं, पाय पोटाशी घ्यायचे, उभं राहायचं. एका ढांगेला चाळीस-पन्नास सेंटिमीटर वर जातो असं धरलं तर 100 मीटरच्या दोराला दोनशे ते अडीचशे उठाबशा झाल्या, पाठीला बॅग लटकवून. इथे काही गोष्टींनी मला खरंच फरक पडला. पहिली म्हणजे फूटलूप दोन्ही पावलं मावतील असा घेतला. एका पायावर चढून दुसरा पाय नुसता लोंबकळत ठेवणारे लोक दिसले की मला राहवत नाही. दुसरी, ढांग आखूड केली. पाय पार छातीशी आणायचे नाहीत. गुडघा काटकोनाच्या जरा पुढे गेला की उठायचं. ढांगा जास्त होतात, पण प्रत्येकीतला दाब कमी. वेळ जातो, जाऊ दे. तिसरी, पावलं पुढे न फेकता बुडाखाली घेऊन सरळ वर उठायचं. पावलं पुढे गेली की अंग दोरापासून मागे झुकतं, हात भरून येतात आणि थकल्यावर पायांची लय सुटते.

फूटलूपची लांबी हे वेगळंच प्रकरण आहे. लूपमध्ये सरळ उभं राहिल्यावर वरचा असेंडर छातीवरच्या असेंडरच्या अगदी लगेच वर यायला हवा. लूप त्याहून लांब असेल तर प्रत्येक ढांगेत मिळणारी उंची वाया जाते आणि तेवढ्याच दोरासाठी जास्त वेळा गुडघे दुमडावे लागतात. गटातली उसनी साधनं घेऊन चढणाऱ्यांचं नव्वद टक्के दुखणं इथेच असतं, असं माझं मत आहे. मत म्हणूनच घ्या.

दोरावर चालल्यासारखं एकेक पाय टाकत जायची रोपवॉकर पद्धत गुडघ्यांना सौम्य पडते, कारण पाय खोल दुमडावा लागत नाही. लांब, मोकळ्या लटकत्या दोरावर ती सुरेख. पण जिथे दर थोड्या अंतरावर दोर पुन्हा बांधलेला असतो तिथे ते सगळं सोडा-लावा करताना जीव मेटाकुटीला येतो.

बॅगेचं वजन. 2005 साली मेसिअर आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याची झीज असलेल्या, वजन जास्त असलेल्या वयस्कांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. तो अभ्यास शरीराच्या वजनाचा होता, पाठीवरच्या बॅगेचा नव्हे, तेव्हा आकडा जसाच्या तसा लावू नका. पण दिशा कुठली ते कळतं. मी नकाशावाली म्हणून दोरांची बॅग दुसऱ्याला देते आणि त्याबद्दल मला जराही संकोच वाटत नाही. बाहेर डोंगर उतरताना दोन काठ्या. उताराला काठ्या वापरल्या की गुडघ्यावरचा भार 12 ते 25 टक्क्यांनी कमी होतो असं श्वामेडर यांच्या गटाने 1999 साली मोजलंय. गुहेच्या तोंडाशी काठ्या लपवून ठेवा, परत येताना त्याच लागतात.

बिजागरीवाला ब्रेस गुहेत घालावा का, असं मला विचारतात. सांधा सैल आहे, लिगामेंटची दुखापत होऊन गेलीय, आणि डॉक्टरने सांगितलंय, तर घालावा. पण मग अरुंद गुहा सोडाव्यात. धातूची दांडी फटीत अडकते, चिखल बिजागरीत जातो आणि वर पॅड बसत नाही. मी एका मोठ्या दालनांच्या गुहेत घालून पाहिला होता, दुपारपर्यंत काढून बॅगेत टाकला.

आणि मेनिस्कस, म्हणजे मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमध्ये बसलेली कूर्चाची दोन अर्धचंद्राकृती गादी. ती फाटते ती दाबाने कमी, वजनाखाली पिळवटून जास्त. पाऊल फटीत घट्ट बसलंय, गुडघा दुमडलेला आहे, आणि वर कुणी हाक मारली म्हणून तुम्ही अंग वळवलंत. हे असं. आधी पायावरचं वजन काढायचं, पाऊल सोडवायचं, मग वळायचं. कठड्यावरून उडी न मारता बूड टेकून उतरायचं, कितीही बालिश दिसलं तरी. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, किंवा आतून सुजत असेल, तर नी-पॅडचे लेख वाचणं थांबवून तपासून घ्या.

व्यायाम मला फिजिओने दिले ते अगदी कंटाळवाणे आहेत: खुर्चीवरून हात न लावता सावकाश उठणं-बसणं, पायरीवरून एक पाय सावकाश खाली सोडणं, आणि कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, नितंबाच्या बाजूच्या स्नायूसाठी. यांतला पायरीचा व्यायाम सगळ्यात कामाचा, कारण उताराला आणि दगडावरून उतरताना नेमकं तेच लागतं: स्नायू ताणत ताणत वजन खाली सोडणं. उजवा गुडघा सुधारला तो यांनी. पॅडने नाही, गोळ्यांनीही नाही. ग्लुकोसामीन आणि कॉन्ड्रॉइटिनची 2006 साली प्रसिद्ध झालेली गेट ही मोठी चाचणी दीड हजारांहून जास्त रुग्णांवर झाली, आणि एकूण रुग्णांत ती औषधं नकली गोळीहून सरस ठरली नाहीत. दुर्बिणीतून गुडघा 'साफ' करायच्या शस्त्रक्रियेचंही तेच: 2002 साली मोझली यांच्या चाचणीत झिजलेल्या गुडघ्यांवर खरी शस्त्रक्रिया आणि नुसतेच छेद देऊन शिवलेलं नाटक यांच्या परिणामात फरक दिसला नाही. गुहेत शिरायच्या आधी आयबुप्रोफेन घेऊन जाणारेही आहेत. पाणी कमी पिऊन, दहा-बारा तास घाम गाळत असताना ही गोळी मूत्रपिंडाला जड जाते. शिवाय दुखणं झाकलं की गुडघा कुठे थांबायला सांगतोय ते ऐकू येत नाही.

परत पॅडकडे, कारण परीक्षण त्याचं चाललंय.

टिकाऊपणा: कापड अजून शाबूत, शिवण एका कोपऱ्यात उसवली ती मी निओप्रीनच्या डिंकाने जोडली. फोम मात्र हळूहळू चपटा होतोय. दर हंगामाच्या सुरुवातीला अंगठ्याची परीक्षा घेते. फोम गेला की पॅड गेला, कापड कितीही नवं दिसो.

धुणं: वटवाघळांच्या व्हाइट नोज रोगाची बुरशी, जी उत्तर अमेरिकेत 2006 साली पहिल्यांदा नजरेस आली, चिखलाबरोबर साधनांवरून एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जाऊ शकते. म्हणून गुहा बदलताना साधनं निर्जंतुक करायची, आणि त्यातली एक मान्य पद्धत म्हणजे आधी चिखल घासून काढून 55 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 20 मिनिटं बुडवून ठेवणं. माझे पॅड ते सहन करतात. चिकटवलेल्या, न शिवलेल्या पॅडवर हा प्रयोग करताना कडा सुटतात का ते बघा. वाळवायचे सावलीत, उन्हात निओप्रीन कडक होऊन तडकतं.

माप: वाटीच्या मध्यावर आणि त्याच्या एक वीत वर, असं दोन ठिकाणी फीत लावून घ्या, आणि तेही गुडघा दुमडून. उभं राहून घेतलेल्या मापाचा पॅड उकिडवं बसलं की गळफास होतो. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मोठं घ्या आणि वरचा पट्टा आवळा. नवा पॅड थेट गुहेत नेऊ नका; घरी घालून अर्धा तास गुडघ्यावर बसा, मग पावलाची बोटं हलवून बघा.

ज्यांची वाटी दुखते, ज्यांना रांगावं लागतं, ज्यांना माझ्यासारखं टेकून बसून काम करावं लागतं, त्यांनी हे डोळे झाकून घ्यावेत, खालचा पट्टा कापून. ज्यांचा गुडघा आतून दुखतो त्यांनी घ्यावेत, पण पायरीचा व्यायाम आधी सुरू करून. आणि घेतल्यावर आतल्या बाजूला मार्करने नाव आणि डावा-उजवा लिहून ठेवा. चिखलातून बाहेर पडल्यावर सगळ्या गटाचे पॅड एकसारखेच दिसतात, आणि त्या उंच गड्याने माझा एक त्याचा समजून चढवला की तो सैल होऊनच परत येतो.